इंजिन जुनं आहे, मेलेलं नाही

गेले तीन शनिवार हे लिहायचं ठरवतोय आणि दर वेळी ऑफिसचं रिलीज आडवं येतंय. आज रिलीज झालं, प्रॉडक्शनवर अजून तरी काही पेटलेलं नाही, बायको माहेरी गेलीय. चहाचा मोठा मग भरून बसलोय. तर आज भांडण. विषयाला फाटे फोडत गोड बोलायचा मूड नाही, आधीच सांगून ठेवतो.

भांडण कुणाशी? आमच्याच ग्रुपशी. म्हणजे ऑफिसातल्या आम्ही पंधरा-वीस जणांनी पगारातून वर्गणी काढून आणि कंपनीच्या सीएसआरवाल्यांना गळ घालून एक छोटं काम चालवलंय, नर्मदाकाठच्या एका गावासाठी बोटीचं. गेल्या महिन्यात मेल आला. विषय: "जुनं डिझेल इंजिन आता रिटायर करू या." खाली अकरा जणांचं 'प्लस वन'. दोन अंगठे. एकाने नव्या इंजिनाच्या ब्रोशरची लिंक चिकटवली. चाळीस मिनिटांत ठराव जवळजवळ पास! आमच्याकडे साधा लायब्ररीचा व्हर्जन बदलायचा तरी याहून जास्त चर्चा होते.

मी लिहिलं, "मला वेळ द्या, सविस्तर लिहितो." हे ते सविस्तर.

आधी थोडं भूगोल. मी तळोद्याचा. पुण्यात नव्याने ओळख झालेला माणूस "नंदुरबार म्हणजे विदर्भात ना?" असं विचारतो. नाही हो. महाराष्ट्राच्या नकाशाचा वायव्येचा कोपरा. १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. सहा तालुके. दक्षिणेला तापी, जिच्या काठावर प्रकाशा आणि सारंगखेडा; मध्ये सातपुडा; आणि सातपुड्याच्या पलीकडे, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या उत्तर टोकाला, नर्मदा. महाराष्ट्राला नर्मदा आहे हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं. जेमतेम ५४ किलोमीटर आहे, तीही हद्दीवरची.

आणि तिथे बोट कशाला? कारण तिथे आता नदी नाही, सरदार सरोवराचं पाणी आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात आली. मणिबेली १९९३ पासून बुडायला लागलं. धरणाचे दरवाजे १७ जून २०१७ ला बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोचलं. पाणी नुसतं नदीपात्रात थांबत नाही, प्रत्येक नाल्याच्या तोंडातून आत शिरतं. दोन पाड्यांमध्ये पूर्वी जी टेकडी उतरून-चढून पायवाट होती, तिथे आता पाण्याची जीभ आहे. समोरचा पाडा डोळ्यांना दिसतो, हाक मारली तर ऐकू जाते, पण जायला बोट लागते. आपल्याला पीएमटी, तशी त्यांना बोट. आपली पीएमटी बंद पडली तर आपण रिक्षा करतो, एवढाच फरक.

२०२० च्या लॉकडाउनमधली रेलू वसावे यांची बातमी आठवते? चिमलखेडीच्या अंगणवाडी कार्यकर्त्या. कोरोनाच्या भीतीने पाड्यांवरचे लोक अंगणवाडीत यायचे थांबले, तर या ताई मच्छीमाराची छोटी होडी मागून घेऊन स्वतः वल्ही मारत बाळांचं वजन करायला, गरोदर बायकांना आहार पोचवायला जायच्या. अठरा किलोमीटरचा आकडा सगळ्या बातम्यांत होता. आपण सगळ्यांनी ती बातमी फॉरवर्ड केली, मीही केली, खाली हात जोडल्याचं चित्र टाकून. पण एका अंगणवाडी ताईला वल्ही का मारावी लागतात, हे मी त्या दिवशी कुणालाच विचारलं नाही. स्वतःलासुद्धा नाही. कौतुक फुकट पडतं म्हणून आपण ते सढळ हाताने करतो.

असो. बोटीकडे येतो.

आमच्या गावाला (नाव मुद्दाम लिहीत नाही) दोन बोटी आहेत. एक जुनी, एका नावाडी कुटुंबाची. तिच्यात पाच हॉर्सपॉवरचं सिंगल सिलिंडर वॉटर कूल्ड डिझेल इंजिन आहे, खरं तर शेतावरच्या पंपाचं. शहाद्याकडच्या कुठल्या तरी विहिरीवर वीज आली, मोटर बसली, इंजिन भंगारात निघालं, ते यांनी आणून बोटीत टाकलं. मागे शाफ्ट, शाफ्टला पंखा. बस्स. दुसरी बोट आम्ही दिलेली. फायबरची, पांढरी, मागे चकचकीत पेट्रोल आउटबोर्ड, आत इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, कंपनीचा लोगो दोन्ही बाजूंनी. ती देऊन तीन वर्षं झाली. फोटो अजून आमच्या रिसेप्शनच्या भिंतीवर आहे. बोट अजून काठावर आहे, ताडपत्रीखाली.

काय झालं ते सांगतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एक दिवा लागला आणि इंजिन टूं टूं करायला लागलं. इंजिनाच्या आतल्या कॉम्प्युटरला कुठला तरी सेन्सर वेडावाकडा दिसला की तो इंजिनाला जपायला वेग पाडतो. शहरात, मरीनात, हे उत्तम आहे. डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, केबल लावतो, कोड वाचतो, पार्ट मागवतो. आमचा डीलर किनारपट्टीवर. तो सातपुडा उतरून येईना, आणि याला उचलून घाट चढवून तिकडे न्यायचं तर जीपभाड्यातच कंबरडं मोडतं. एकदा नेलं. दोन महिने लागले. परत आलं, चार महिने चाललं, पुन्हा दिवा. शिवाय पेट्रोल. गावात प्रत्येक जीपमध्ये, प्रत्येक पंपावर डिझेल. पेट्रोल कॅनमधून आणायचं. तर बोट काठावर आणि आम्ही पुण्यात, 'इम्पॅक्ट रिपोर्ट' लिहीत. ती बोट निवडणाऱ्या कमिटीत मी होतो. 'फ्युएल इंजेक्शन घ्या, कार्बोरेटरची कटकट नको' हे वाक्य माझंच होतं. मिनिट्समध्ये आहे.

आता त्या रात्रीचं.

गेल्या ऑगस्टमध्ये रात्री साडेदहाच्या सुमाराला एका बाईला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. पलीकडच्या काठावर जिथे जीप येऊ शकते तिथपर्यंत बोटीने पाऊण तास. आमची बोट सुरूच झाली नाही. जुनी काढली. मध्यावर, दोन्ही काठ सारखेच लांब असताना, इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद. पाऊस, काळोख, आणि पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे, ज्यांच्यावर वाहती बोट आदळली तर काय होतं ते तिथल्या पोरांनाही माहीत आहे.

नावाडीदादांचा पुतण्या, वय सतरा, टॉर्च तोंडात धरून इंजिनावर वाकला. डिझेल इंजिन ही गोष्ट अशी आहे की तिला स्पार्क लागत नाही, बॅटरी लागत नाही, प्लग लागत नाही. तिला हवा लागते, डिझेल लागतं, आणि ती हवा जोरात दाबली जायला लागते. सिलिंडरमध्ये हवा सोळा-सतरा पटींनी दाबली की ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलची सगळी करामत एवढीच. म्हणजे बंद पडलेल्या इंजिनाला प्रश्नही तीनच विचारायचे. आणि चालता चालता आचके देऊन बंद पडलं तर बहुतेक वेळा उत्तर एकच: डिझेल लाइनमध्ये एअर. डिझेल दाबलं जात नाही पण हवेचा बुडबुडा दाबला जातो, मग पंप बुडबुडाच दाबत बसतो आणि नोझल फवारा मारत नाही.

पोराने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, फेस येणं थांबेपर्यंत हाताने डिझेल सोडलं, आवळला. मग पंपावरचा. मग नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल केला, दादांनी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवलं, नटातून बुडबुडे आले, मग नुसतं डिझेल आलं, आवळला. पुन्हा हँडल. नोझलने "कुर्र" केलं. तो आवाज आला की झालं. खटका पाडला, इंजिन लागलं. एकूण दहा-बारा मिनिटं. सगळा वेळ एक माणूस बांबूने बोट बुंध्यांपासून लांब ढकलत होता.

दवाखान्यात पोचले. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

दादांनी हे मला दिवाळीत सांगितलं, तेही विचारलं तेव्हा. त्यांना त्या रात्रीपेक्षा जास्त सांगायचं होतं ते तांब्याच्या वायसरबद्दल. बॅन्जो बोल्टखाली तांब्याचं वायसर असतं, ते दोन-चार वेळा आवळलं की कडक होतं आणि गळायला लागतं. नवीन नव्हतं म्हणून त्यांनी जुनंच चुलीत लाल करून पाण्यात बुडवलं आणि परत बसवलं. तांबं असं केल्याने पुन्हा मऊ पडतं. मी चाट. (मी कॉम्प्युटर इंजिनिअर. मेटलर्जीचा पेपर रूममेटच्या नोट्सवर काढला.)

मग मी विचारलं, एअर घेतली कशाने? दादा जरा गप्प राहिले, मग म्हणाले, "पाइप तडकला होता भाऊ. मागे सांगितलं होतं ना."

सांगितलं होतं. मे महिन्यात. मेसेज माझ्याच फोनवर आहे, फोटोसकट. टाकीपासून फिल्टरला येणारा प्लास्टिकचा पाइप उन्हाने कडक होऊन तडकलाय, मीटरभर नवीन आणि दोन क्लिपा पाठवा. दोनशे रुपयांच्या आतलं काम. आणि त्याच्याखाली माझं उत्तर आहे: "जुन्या बोटीचं बजेट नाहीये, पुढच्या क्वार्टरला बघू."

हे मी कबुलीजबाब म्हणून लिहीत नाहीये. मला दाखवायचंय की ही चूक कशी होते. मी काही दुष्ट माणूस नाही. आमच्या एक्सेलमध्ये 'नवीन साधन' नावाचा कॉलम आहे, 'पाइप' नावाचा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, चांगलं केलं. पण ते दोन टक्के खर्च करणाऱ्या माणसाला वर्षाअखेरीला साहेबांना काहीतरी दाखवायचं असतं. बोट दिसते. बोटीला हार घालता येतो. ग्लँड दोरी बदलली त्याला हार कुठे घालणार? जो पैसा फोटोत येत नाही तो खर्च होत नाही. आणि हे फक्त आमचं नाही. आपल्या सोसायटीची लिफ्ट आठवा, कॉलेजची लॅब आठवा, गावोगावच्या बंद पडलेल्या पाणी योजना आठवा. विकत घ्यायला आपण शूर आहोत, तेल बदलायला नाही.

आता इंजिनाच्या देखभालीबद्दल थोडं, कारण मेलमध्ये 'मेंटेनन्स इज अ नाइटमेअर' असं एकाने लिहिलंय आणि त्याने आयुष्यात कधी फिलर गेज हातात धरलेलं नाही हे मला माहीत आहे. (राग मानू नकोस मित्रा. मीही दोन वर्षांपूर्वीच धरलं.)

माझ्या मामाच्या विहिरीवर अशाच जातीचं इंजिन होतं. लहानपणी सुट्टीत गेलो की हँडल मारायची हौस. मामा हात लावू द्यायचा नाही आधी. "तेल पाहिलं का? पाणी पाहिलं का? मंग हँडल." तीस वर्षं तेच. इंजिनावर त्याचा एक रुपया फालतू गेला नाही. आता विचार करतो तर मामाची ती दोन वाक्यं म्हणजे निम्मं मॅन्युअल होतं.

तेल काठीवर बघायचं. नुसतं किती ते नाही, कसं तेही. बोटांत घेऊन चोळायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, गॅस्केट गेलं किंवा कुठे तडा गेला, तिथेच थांबा. पातळ होऊन डिझेलचा वास आला तर पंप किंवा नोझल गळतंय. ठरलेल्या तासांनी तेल बदलायचं, आणि तासांचं मीटर नसेल तर भिंतीवर खडूने रेघा मारायच्या. दादा मारतात. त्यांची भिंत आमच्या जिरापेक्षा अपटुडेट आहे. :)

धूर बघायचा. काळा म्हणजे इंजिनावर लोड जास्त, किंवा हवा कमी, किंवा नोझल फवारा न मारता मुतल्यासारखं करतंय. निळा म्हणजे रिंगा झिजल्या, तेल जळतंय. पांढरा सुरुवातीला ठीक, पण गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर पाणी किंवा कमी दाब. कुठलाही लॅपटॉप न लावता इंजिन स्वतःचा लॉग आकाशात लिहितं.

मग पाणी. शेतावर थंड करायला विहिरीचं स्वच्छ पाणी होतं, इथे नर्मदेचं. पावसाळ्यात त्यात गाळ, पाला, काय वाट्टेल ते. आत घेणाऱ्या पाइपाची जाळी रोज साफ, दर पावसाळ्यानंतर सिलिंडरच्या जॅकेटमधला गाळ काढणं. बाहेर पडणारं पाणी कोमट असावं, हात ठेवता यावा. बाहेर पाणी पडत नसेल तर ताबडतोब बंद. शाफ्ट जिथे बोटीतून बाहेर जातो तिथे ग्लँड दोरी. ती पूर्ण कोरडी आवळली तर शाफ्ट तापून खातो, फार सैल ठेवली तर बोटीत पाणी. चालताना थेंब थेंब पडलं पाहिजे. हे 'थेंब थेंब' कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये बसवून दाखवा बरं.

आणि डिझेल. जुन्या इंजिनाचा खरा शत्रू वय नाही, घाणेरडं डिझेल. टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्री हवेतली वाफ आत थिजते, पाणी तळाला बसतं, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात आणि काळा चिकट साका होतो. तो फिल्टर तुंबवतो. उपाय? टाकी भरलेली ठेवा, तळाचा नळ उघडून आठवड्याला कपभर काढून टाका, फिल्टर वेळेवर बदला. नोझल वर्ष-दोन वर्षांनी पंपवाल्याकडे नेऊन दाबावर तपासून घ्यायचं. नोझल आणि इंजेक्टर आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनतात, लोक अजून 'मायको'च म्हणतात, बॉश नाव होऊन २००८ पासून इतकी वर्षं झाली तरी. शहाद्याच्या बाजारात या इंजिनाचा पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सगळं काउंटरवर मिळतं. कारण हे इंजिन लाखो विहिरींवर होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आहे. आणि राजकोटकडे तर १९३० च्या लिस्टर इंजिनाच्या नकला इंग्लंडमधला मूळ कारखाना थांबल्यावरही बनत राहिल्या. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्येही हीच सिंगल सिलिंडर जात उभी असते, मेकॅनिकलवाल्या मित्रांना विचारा.

याला नाइटमेअर म्हणतात? सबंध वर्षाचं सामान, मजुरीसकट, ब्रोशरमधल्या त्या इंजिनाच्या किमतीच्या विसाव्या हिश्श्यात बसतं. मी कोटेशन काढलंय.

परदेशातल्या शिडाच्या बोटीवाल्यांची या बाबतीत मजा वाटते. आपल्याकडचे लोक कौतुकाने व्हिडिओ बघतात: कुणीतरी गोरा रिटायर्ड माणूस चाळीस वर्षांचं पर्किन्स इंजिन मांडीवर घेतल्यासारखं प्रेमाने उघडून बसलाय. त्या लोकांकडे नायजेल काल्डरसारख्यांची जाडजूड पुस्तकं आहेत, क्लब आहेत, आणि जुनं इंजिन स्वतः राखणं ही तिथे प्रतिष्ठेची गोष्ट आहे. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ साली ज्या बोटीतून न थांबता एकट्याने जगाची फेरी पुरी करून आले ती 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी लाकडाची, आणि ती अजून जपून ठेवलेली आहे. तिथे ते 'हेरिटेज'. आणि सातपुड्यातल्या माणसाने तेच केलं की ते 'जुगाड', 'मागासलेपण', 'अपग्रेड करायला हवं'. शिवाय शिडाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं तर शीड आहे. आमच्या बोटीला शीड नाही. आहे तो एक बांबू.

आता आपल्या धंद्यातलं एक, कारण मेलवरचे अकराही जण प्रोग्रॅमर आहेत. २००० साली जोएल स्पोल्स्कीने लिहिलं होतं की नेटस्केपने जुना कोड फेकून सगळं नव्याने लिहायला घेतलं ही कंपनी करू शकेल अशी सर्वांत वाईट चूक होती. आपण सगळ्यांनी तो लेख नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचला, मान डोलावली आणि दुसऱ्या वर्षी रिराइटचं प्रपोजल लिहिलं. जुन्या कोडमध्ये जे विचित्र 'इफ' असतात ते कुणाचा तरी जागून पकडलेला बग असतात. दादांच्या इंजिनात एक लाकडी पाचर आहे, पायाखाली, उजव्या बाजूला. मला वाटलं गचाळपणा. विचारल्यावर कळलं, त्याशिवाय शाफ्टची लाइन बसत नाही, बोटीचं लाकूड एका बाजूने खचलंय. ती पाचर काढून 'नीट' इंजिन बसवलं तर पहिल्या आठवड्यात ग्लँड खाऊन टाकेल. हे ब्रोशरमध्ये नाही. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरला टीव्हीवर येऊन कोबोल येणारे लोक शोधावे लागले होते, बेकारभत्त्याची सिस्टिम चालवायला. सगळे कोबोलला हसले. पण कोबोल बंद पडलेलं नव्हतं, ते कळणारी माणसं सांभाळलेली नव्हती.

आपण 'बस फॅक्टर' म्हणतो ना, किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट मरेल? जुन्या इंजिनाचा बस फॅक्टर त्या गावात निदान चार आहे: दादा, त्यांचा भाऊ, पुतण्या, आणि पलीकडच्या पाड्यावरचा एक पिठाच्या गिरणीवाला, ज्याच्याकडे हेच इंजिन आहे. आम्ही दिलेल्या इंजिनाचा शून्य. पहिल्या दिवसापासून शून्य. आम्ही गावाला बोट दिली नाही, डीलरवर अवलंबून राहणं दिलं.

आता तुमचे आक्षेप, जे रास्त आहेत ते.

एक, सुरक्षितता. मान्य. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषाजवळ नर्मदेत बोट उलटली आणि माणसं गेली, त्यात मुलंही होती. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते असं तेव्हा छापून आलं होतं. तिथे इंजिन जुनं की नवं हा प्रश्नच नव्हता. लाइफ जॅकेटं द्या, किती माणसं बसतील ते बोटीवर रंगवा, पट्ट्यावर जाळी बसवा, नाहीतर साडीचा पदर अडकेल. मी दोन वर्षं जॅकेटं मागतोय. नवं इंजिन चाळीस मिनिटांत मंजूर होतं आणि जॅकेटं दोन वर्षं 'अंडर रिव्ह्यू', याचा अर्थ मला कुणीतरी समजावून सांगावा.

दोन, प्रदूषण. धूर होतो, आवाज होतो, नाकारत नाही. पण पाच हॉर्सपॉवरच्या एका इंजिनाची काळजी करणाऱ्या आपल्या ग्रुपमधले नऊ जण एकेकटे गाडी घेऊन हिंजवडीला जातात. मीही. नोझल नीट असेल आणि लोड बेताचा असेल तर काळा धूर जवळपास जातो. म्हणजे पुन्हा देखभालच.

तीन, सोलर घेऊ या. हा आक्षेप मला खरंच आवडतो. केरळात वैकमला जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' नावाची सोलर फेरी चालते, पंचाहत्तर माणसांची. पण ती राज्याचं जलवाहतूक खातं चालवतं, रोज, ठरलेल्या मार्गावर, पगारी माणसं ठेवून. आधी माणसं, मग बोट. आपल्याकडून हे होणार असेल तर माझं 'प्लस वन' पहिलं. आपण मात्र बोट पाठवणार आणि कंट्रोलर जळला की पुन्हा "पुढच्या क्वार्टरला बघू" लिहिणार. हे मी खात्रीने सांगतो, कारण लिहिणारा मीच असतो.

आणि गैरसमज नको, मी 'जुनं ते सोनं' पार्टीचा नाही. ब्लॉक तडकला, क्रँक वाकला, पार्ट मिळेनासे झाले तर इंजिन खुशाल भंगारात घाला. दादाही घालतील, त्यांना त्याची पूजा करायची नाहीये. (दसऱ्याला करतात, ती वेगळी.) या इंजिनाचं गेल्या वर्षी बोअर मापून झालंय, लायनर आणि रिंगा नवीन टाकल्या, अजून दहा वर्षं सहज आहे. मग 'रिटायर' कशासाठी? ते दिसायला वाईट आहे म्हणून. रिपोर्टच्या कव्हरवर जात नाही म्हणून.

तर बुधवारच्या मीटिंगला माझं म्हणणं एवढं. नव्या इंजिनाचे पैसे घेऊ नका. त्यातल्या थोड्या पैशांत पुतण्याला शहाद्याच्या पंप-नोझलवाल्याकडे तीन महिने शिकायला ठेवू, राहण्या-खाण्याच्या खर्चासकट आणि बुडालेल्या मजुरीसकट. गिरणीवाल्याला विचारून सुट्या भागांचा एक पत्र्याचा डबा गावातच ठेवू, दोघांना चालेल असा. जॅकेटं. आणि एक्सेलमध्ये 'पाइप' नावाचा कॉलम, ज्यातून पाच हजारांपर्यंत खर्चाला कुणाची परवानगी लागणार नाही. ताडपत्रीखालच्या बोटीचं आउटबोर्ड विकून टाकू आणि त्या फायबरच्या बोटीत काय बसवायचं ते दादांना विचारू. हो, त्यांना. तीन वर्षांत आपण त्यांना हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही.

ज्यांना अजूनही ब्रोशर आवडतंय त्यांनी मीटिंगआधी एकदा माझ्याबरोबर यावं. शुक्रवारी रात्रीची नंदुरबार गाडी, सकाळी तिथून अक्कलकुवा, मग मोलगीचा घाट, मग जीप जिथे थांबते तिथून उतरायचं. रविवारी रात्री परतीची गाडी मिळते, सोमवारचा स्टँडअप चुकत नाही.

दादांचा आत्ताच मेसेज आला. यादी: डिझेल फिल्टर २, ग्लँड दोरी, तांब्याची वायसरं सहा (दोन साइझची), एक फिलर गेज, आणि तो पाइप, दोन मीटर. खाली लिहिलंय, "मागच्या टायमाला एक मीटर सांगितला होता, दोन आणा."

आज बुधवार पेठेत दुकानं साडेसातला बंद होतात. उठतो.